डिशवरून आलेली डीसीपी पकडायची आणि चालवून बघायची कशी

डिशवरून सिनेमा येतो म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर टीव्हीसारखं लाइव्ह चित्र येतं, पण इथे येते ती फाइल. डीसीपी म्हणजे थिएटरसाठी बनवलेलं सिनेमाच्या फाइलींचं पॅकेज. त्यात चित्र जेपेग २००० फॉरमॅटमध्ये असतं, बिटरेट सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे दोन तासांचा सिनेमा वरच्या टोकाला सव्वादोनशे जीबी, आणि डेटा समजा ६० मेगाबिटने येतोय तर २०० जीबी उतरायला सात तासांच्या वर लागणार. म्हणून आधी सगळं डिस्कवर घ्यायचं, तपासायचं, मगच चालवायचं. टीव्हीवर एखादं पॅकेट गेलं तर दोन-चार चौकोन चमकून जातात, इथे तेवढ्यानेही फाइल नापास होते.

त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ डिशवर घालवा, खरंच. सिग्नल डीव्हीबी-एस२ (सॅटेलाइट प्रसारणाचं स्टँडर्ड) असतो, त्यात ८पीएसके मॉड्युलेशन आणि एफईसी (चुका दुरुस्त करायला जोडलेला जादा डेटा) ३/४ असेल तर सिग्नल गोंगाटाच्या साधारण ७.९ डीबी वर लागतोच आणि त्याच्या खाली गेलं की हळूहळू बिघडत नाही, एकदम बंद पडतं. केयू बँडच्या फ्रिक्वेन्सीला पाऊस चांगलाच नडतो, म्हणून स्वच्छ हवेत ३-४ डीबी जास्तीचे दिसेपर्यंत मी बोल्ट घट्ट करत नाही. एलएनबी (डिशसमोर बसवलेला रिसीव्हर) जरा जरा फिरवून स्क्यूपण, म्हणजे त्याचा तिरकेपणा, बघा, बरेच जण ते सोडूनच देतात.

आता रेकॉर्डिंग. लिनक्सवर डीव्हीबी-एस२ चालणारं कार्ड आणि टीएसडक हे सॉफ्टवेअर, एवढ्यात काम होतं. ट्रान्सपॉन्डरचा (सॅटेलाइटवरच्या एका चॅनेलचा) अख्खा ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे छोट्या पॅकेटांचा प्रवाह, उतरवला तरी चालतो, पण ८१९१ नंबरच्या पीआयडीवर (पॅकेटवरचा ओळख क्रमांक) नुसती रिकामी पॅकेट असतात, ती गाळा, जागा वाचते. डेटा बहुतेक वेळा एमपीईमध्ये (ट्रान्सपोर्ट स्ट्रीममधून आयपी डेटा पाठवायची पद्धत) गुंडाळलेले आयपी पॅकेट असतात आणि टीएसडकचं एमपीई प्लगइन ते बाहेर काढून देतं. सोबत कंटिन्युइटीचं प्लगइन लावाच. १८८ बाइटच्या प्रत्येक पॅकेटवर ० ते १५ असा फिरता आकडा असतो, लॉगमध्ये एकाच पीआयडीवर ७ नंतर थेट ९ दिसला की मधलं एक गेलं, आणि ते नेमकं किती वाजता गेलं हे कळलं की पाऊस होता का डिस्क अडकली ते लगेच जुळवता येतं.

पुढे त्या पॅकेटांच्या फाइली बनवायच्या. फ्लूटसारखा खुला प्रोटोकॉल असेल तर ठीक, पण पाठवणाऱ्याचा स्वतःचा प्रोटोकॉल असेल तर त्याचाच रिसीव्हर लागतो, तिथे उगाच डोकं फोडू नका. गळालेले तुकडे पुढच्या फेरीत परत येतात किंवा इंटरनेटवरून भरून घेतले जातात, तेव्हा पहिल्याच फेरीत फाइल अपुरी दिसली म्हणून डिलीट करू नका!

फोल्डरमध्ये असेटमॅप (फाइलींची यादी), व्हॉलइंडेक्स, पीकेएल (फाइली आणि त्यांचे हॅश), सीपीएल (काय कुठल्या क्रमाने चालवायचं ते) आणि चित्र-आवाजाच्या एमएक्सएफ फाइली दिसल्या पाहिजेत. फाइलींची नावं बदलायची नाहीत, असेटमॅपमध्ये तीच नावं लिहिलेली असतात. मग हॅश, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून काढलेला तिचा ठसा. पीकेएल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, प्रत्येक फाइलचा शा-१ हॅश त्यात असतो पण तो बेस ६४ मध्ये, शेवटी बरोबरचं चिन्ह असलेला. नेहमीची शा-१ कमांड हेक्समध्ये उत्तर देते, ते याच्याशी जुळणारच नाही आणि माणूस चांगली फाइल खराब समजून बसतो. ओपनएसएसएलने हॅश बायनरीत काढून बेस ६४ केला की सरळ तुलना होते. हे केल्याशिवाय थिएटरच्या सर्व्हरवर इन्जेस्टला (फाइली चढवायला) लावू नका, शोच्या आधी तेवढा वेळ हातात नसतो.

घरी बघायला डीसीपी-ओ-मॅटिकचा प्लेअर फुकट आहे आणि चांगला आहे. रंग एक्सवायझेड या रंगपद्धतीत असतात, प्लेअरने ते नीट बदलले नाहीत तर चेहरे भलत्याच रंगाचे दिसतात, फाइलचा त्यात दोष नसतो. टूके डीकोड करायलासुद्धा सीपीयूचा जीव जातो, अडकत चाललं तर रिझोल्यूशन अर्धं करून बघा.

हे सगळं एन्क्रिप्ट न केलेल्या डीसीपीचं झालं, म्हणजे ट्रेलर, टेस्ट फाइली, स्वतःचं काम. मोठे सिनेमे एईएस १२८ ने कुलूपबंद असतात आणि केडीएम, म्हणजे ते कुलूप उघडणारी किल्लीची फाइल, ठराविक सर्व्हरच्या सर्टिफिकेटसाठी, ठराविक वेळेपुरतीच निघते. तेव्हा डिस्ट्रिब्युटरला सर्टिफिकेट आधीच पाठवा, आणि केडीएम आली की सुरू व्हायची आणि संपायची वेळ कुठल्या टाइमझोनमध्ये लिहिलीय ते त्याच दिवशी बघून घ्या.