कोकणात खाडीत होडी भाड्यानं घेताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडहून गाड्या भरभरून मालवण-देवबागकडं निघतात. पहिला दिवस किनाऱ्यावर जातो, दुसऱ्या दिवशी लहान होडी घेऊन खाडीत फिरायची टूम निघते. खाडी बघावीच. खारफुटीतून सावकाश वल्हं मारत जाण्यात जो आनंद आहे, तो मोठ्या बोटीच्या फेरीत नाही. पण आपली माणसं दरवर्षी त्याच त्या चुका करतात, आणि ते बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाणी जागेवर राहील असं धरून चालणं. आपण पाणी टक्क्यांत वाचणारी माणसं. जायकवाडी धरणाच्या नाथसागराचं पाणी सकाळी जिथं सोडलं, तिथंच संध्याकाळी सापडतं. फरक कळायला आठवडे लागतात. खाडीत दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांत पाणी तळाला जातं, आणि त्यातल्या मधल्या दोन तासांत ते सगळ्यात झपाट्यानं उतरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा दुपारी कमरेएवढं पाणी असलेल्या जागी संध्याकाळी नुसता चिखल उरतो.

जालन्याचं एक कुटुंब आमच्याच होमस्टेवर उतरलं होतं. पौर्णिमा नुकतीच झालेली, तिथी द्वितीया. जेवणं उरकून तीनच्या सुमारास त्यांनी वल्ह्याची होडी मागितली. मालक म्हणाले, "पाणी सुकतीला, म्हणजे ओहोटीला लागलंय, माझ्या पोराला सोबत न्या." पोराचे ५०० रुपये वाचवायचे म्हणून यांनी नको म्हटलं. "आम्ही गोदावरीत पोहलेली माणसं, मालक!" साडेचारला होडी एका अरुंद फाट्यात टेकली. तिघं ढकलायला अनवाणी उतरले, तर गुडघ्याएवढे रुतले, आणि एकाचा तळवा कालवाच्या शिंपीनं चिरला.

फोन आला तेव्हा मालक दुसरी होडी घेऊन निघाले, मीही सोबत गेलो. पन्नासेक पावलांवर आमचीही होडी टेकली. पुढं चिखल, मागं उतरतं पाणी. त्यांच्यात सहा-सात वर्षांची एक मुलगी होती. अंधार पडला, ती थंडीनं कुडकुडत होती, आणि आम्हाला तिच्यापर्यंत साधी चादर पोचवता येईना. पाणी उलटायला साडेसात झाले. त्यांची होडी तरंगली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

यावर माझी सवय सांगतो. घरातली दिनदर्शिका काढायची आणि तिथीची पाऊणपट करायची. ही कोकणातली जुनी रीत आहे. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. पहाटेही आणि दुपारीही. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा अंदाजच आहे, खाडीत आत भरती उशिरा पोचते, म्हणून वेळ होडीवाल्याकडून पक्की करून घ्यायची. मग भरतीच्या दोन तास आधी निघायचं आणि पाणी थांबलं की मागं फिरायचं. चढत्या पाण्यात होडी टेकली तर थोड्या वेळानं पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली की पुढचे सहा तास तिथंच. मोबाईलवर वेळापत्रक मिळतं, तेही बघा, पण खारफुटीत रेंज गेली की पाऊणपटच कामाला येते.

दुसरी चूक, "पोहता येतं" म्हणून लाईफ जॅकेट सीटखाली सारणं. विहिरीतलं पोहणं वेगळं. खाडीच्या मुखाशी ओहोटीची ओढ समुद्राकडं असते आणि वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. तिथं लहान होडी न्यायचीच नाही, कितीही शांत दिसलं तरी. जॅकेटचे पट्टे काठावरच आवळून घ्या. सैल जॅकेट पाण्यात गळ्याशी चढतं. मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही. मापाचं नसेल तर फेरी रद्द करा, मुलांनी कितीही रडारड केली तरी.

फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला उभं राहायचं नाही. उभंच राहायचं नाही.

उथळ पाण्यात उतरावंच लागलं तर जाड तळाची चप्पल घाला आणि पाय उचलून न टाकता घासत चाला. वाळूत पाकट नावाची चपटी मासळी दडून बसते, पायाची चाहूल लागली की सरकते. वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते.

इंजिनची होडी असेल तर पाणी उथळ होताच इंजिन बंद करून पंखा वर घ्या. तळ खरवडल्यावर भरपाईची घासाघीस करत बसू नका. जाळ्यांच्या तरंगत्या खुणांपासूनही लांब राहा, ते कुणाचं तरी पोट आहे.

दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि वल्हवणाऱ्याचे हात भरून येतात. सकाळची भरती मिळत असेल तर तीच घ्या. परतायची वेळ काठावरच्या एका माणसाला सांगून, त्याचा नंबर दोन फोनमध्ये ठेवून निघा.