सोप सर्व्हिसला हाताने रिक्वेस्ट कशी मारायची

सोप म्हणजे एक्सएमएल मेसेज पाठवून दुसऱ्या सिस्टिमशी बोलायची जुनी पद्धत. अशा जुन्या सिस्टिमशी बोलायचं काम गळ्यात पडलं की समोरून एक डब्ल्यूएसडीएलची (सर्व्हिस काय घेते, काय देते ते सांगणाऱ्या फाइलची) लिंक येते आणि त्यातून क्लास बनवताना लायब्ररी कुठेतरी हमखास मान टाकते. मी एकदा त्यात दोन दिवस घालवले, शेवटी वैतागून स्ट्रिंग जोडून एक्सएमएल बनवलं आणि सरळ पोस्ट केलं.

कोड लिहायच्या आधी सोपयूआय या टेस्टिंग टूलमध्ये ती डब्ल्यूएसडीएल उघडा, नमुना रिक्वेस्ट तयार मिळते, व्हॅल्यू भरून चालवा आणि चालली की रॉ टॅबमधून हेडरसकट जशीच्या तशी उचला. नेमस्पेस (टॅग कुठल्या संचातले ते सांगणारा यूआरएलसारखा पत्ता) स्वतः टाइप करायच्या भानगडीत पडू नका, शेवटचा एक स्लॅश राहिला तरी सर्व्हर ओळख दाखवत नाही.

मग सोपचं व्हर्जन बघा. 1.1 असेल तर कंटेंट-टाइप टेक्स्ट/एक्सएमएल आणि सोपॲक्शन हा वेगळा हेडर, त्याची व्हॅल्यू डबल कोट्समध्ये. 1.2 ला ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल, ॲक्शन त्याच ओळीत सेमीकोलन देऊन. एनव्हलपची (मेसेजच्या सगळ्यात बाहेरच्या टॅगची) नेमस्पेसही दोघांची वेगळी, खिचडी करू नका.

आता माझी फजिती. सॉकेट उघडून सगळं हातानेच लिहीत होतो, इंग्रजी नावं मस्त जायची पण शहर 'पुणे' टाकलं की सर्व्हर म्हणायचा एक्सएमएल अर्धवट आहे. कारण काय तर कंटेंट-लेंग्थ (बॉडीची लांबी सांगणारा हेडर) बाइटमध्ये द्यायची असते आणि मी अक्षरं मोजत होतो! पायथॉनमध्ये 'पुणे'ला लेन लावलं तर 4 येतात, यूटीएफ-8 मध्ये एनकोड करून लावलं तर 12, म्हणजे शेवटचे 8 बाइट सर्व्हरने वाचलेच नाहीत आणि एनव्हलपचा क्लोजिंग टॅग तुटला. म्हणून आधी एनकोड, मग मोजणी, आणि पाठवायचे ते बाइटच. हेडर संपले की एक रिकामी ओळ, तीही सीआर-एलएफवाली (\r\n).

स्ट्रिंग जोडताय तर युजरने दिलेली व्हॅल्यू एस्केप करा (म्हणजे & च्या जागी & असं), दुकानाच्या नावात अँपरसँड आला की एक्सएमएल गेलंच.

आणि 500 (सर्व्हर एररचा कोड) आला म्हणून लगेच सर्व्हरवाल्यांना फोन लावू नका. सोपचा फॉल्ट (एररचा मेसेज) बऱ्याचदा 500 सोबतच येतो आणि खरं कारण बॉडीत असतं. जावामध्ये एचटीटीपीयूआरएलकनेक्शन वापरत असाल तर ती बॉडी गेटइनपुटस्ट्रीममधून मिळणार नाही, तिथे एक्सेप्शन येतं, गेटएररस्ट्रीम वाचा आणि फॉल्टस्ट्रिंग (1.2 असेल तर रीझन) शोधा.