डेन्व्हरच्या थंड-कोरड्या हवेत लॉन जगवायचं असेल तर

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये डेन्व्हर, ऑरोरा, हायलँड्स रँच या बाजूला नवीन घर घेतलेल्यांचा जुलैमधला प्रश्न ठरलेला असतो, लॉन पिवळं पडायला लागलंय, पाणी वाढवू का? पण इथलं लॉन बऱ्याचदा उन्हाळ्यात नाही तर हिवाळ्यात मरतं, फक्त आपल्याला ते मे महिन्यात दिसतं, जेव्हा शेजारचं हिरवं होतं आणि आपल्याकडे तपकिरी ठिगळं तशीच राहतात.

इथे वर्षाला साधारण 14-15 इंच पाऊस आणि त्यात बर्फाचं पाणीही धरलेलं. उंची 5,280 फूट म्हणून ऊन बोचरं, हवा कोरडी, माती चिकण आणि अल्कलाइन म्हणजे क्षारयुक्त. आणि एवढं असून बहुतेक घरांपुढे केंटकी ब्लूग्रास हे गवत, ज्याला भर उन्हाळ्यात हिरवं राहायला आठवड्याला इंचभर तरी पाणी लागतं, कडक उन्हात जास्तच.

तर पाणी. रोज थोडं थोडं अजिबात देऊ नका, मुळं वरच्या वर राहतात आणि पहिल्याच उष्ण आठवड्यात मान टाकतात. आठवड्यातून दोन-तीनदा पण खोलवर द्या. चिकण मातीत पाणी पटकन मुरत नाही, वीस मिनिटं सलग स्प्रिंकलर चालवला की अर्धं पाणी फुटपाथवर, म्हणून सात-आठ मिनिटं चालवा, अर्धा-एक तास थांबा, परत चालवा, कंट्रोलरवर हे सेट करता येतं. किती पडतंय ते बघायला ट्यूनाचे रिकामे डबे लॉनवर वेगवेगळ्या जागी ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पट्टीने मोजा. स्प्रे हेड (एका जागी स्थिर फवारा) आणि रोटर (फिरत पाणी टाकणारा) दोन्ही असतील तर वेळ वेगळी ठेवाच, स्प्रे हेड दुप्पट-तिप्पट वेगाने पाणी टाकतात. नंतर स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसून बघा, सहज सहा इंच गेला तर आज पाणी नको. डेन्व्हर वॉटर या तिथल्या पाणीपुरवठा संस्थेच्या उन्हाळी नियमात सकाळी 10 ते संध्याकाळी 6 पाणी द्यायला बंदी असते, आणि आठवड्यात किती दिवस चालेल ते दुष्काळ बघून बदलतं, तर दर वसंतात आपल्या गावाचे नियम बघून घ्या.

पाण्यावर कडक बंधनं आली तर घाबरू नका. ब्लूग्रास झोपी जातं, मेलेलं नसतं. मूठभर गवत ओढून बघा, घट्ट असेल आणि बुडखा पांढरट-हिरवट असेल तर जिवंत आहे. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा इंच पाणी दिलं तरी बुडखे तगतात. फक्त त्यावर खेळ, कुत्रा, खत सगळं बंद.

कापताना उंची तीन इंच ठेवा, एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त नको, कापलेलं तिथेच पडू द्या. चुना कुणी सांगितला तरी टाकू नका, माती आधीच अल्कलाइन आहे. खत वर्षातून एकदाच द्यायचं असेल तर सप्टेंबरमध्ये द्या. एअरेशन म्हणजे मातीत भोकं पाडून हवा खेळवणं मात्र चुकवू नका, मातीच्या गुंडाळ्या बाहेर काढणारं मशीनच हवं, नुसते खिळे टोचून चिकण माती अजून दबते. आदल्या दिवशी पाणी द्या म्हणजे मशीन खोल जातं.

आता हिवाळा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पहिल्या कडक गोठणीआधी स्प्रिंकलरचा ब्लोआउट, म्हणजे पाइपातलं उरलेलं पाणी हवेच्या दाबाने बाहेर काढणं, करून घ्यायचा हे सगळ्यांना माहीत असतं, आणि मग लोक एप्रिलपर्यंत लॉनकडे बघतच नाहीत. पण इथे बर्फ टिकत नाही, मध्येच चिनूक म्हणजे डोंगरावरून येणारे उबदार कोरडे वारे सुटतात, जानेवारीत 60 फॅरनहाइट होतं आणि माती कोरडी ठक्क. दक्षिण-पश्चिमेचा उतार सगळ्यात आधी जातो, वर कोरड्या गवतावर माइट्स म्हणजे बारीक कोळी येतात ते वेगळेच. म्हणून ऑक्टोबर ते मार्च, तीन-चार आठवडे बर्फ-पाऊस नसेल तर पाणी द्या. दिवस 40 फॅरनहाइटच्या वरचा हवा, जमीन गोठलेली नको, आणि दुपारीच द्या म्हणजे रात्रीच्या आत मुरतं. साधा होज आणि त्यावरचा फिरता स्प्रिंकलर पुरतो, झालं की होज नळावरून काढून ठेवा, नाहीतर भिंतीतला पाइप गोठून फुटतो.

आणि जो भाग दरवर्षी जळतोच, तिथे ब्लूग्रासचा हट्ट सोडा. भरपूर ऊन असेल तर बफेलोग्रास किंवा ब्लू ग्रामा लावा, इथलंच गवत आहे, अगदी थोड्या पाण्यात राहतं. मेच्या मध्यापर्यंत हिरवं होत नाही आणि सप्टेंबरअखेर परत तपकिरी होतं, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवा. सावलीत किंवा मुलं रोज खेळतात तिथे मात्र चालणार नाही. ब्लूग्रासचं बी ऑगस्टच्या मध्यापासून टाकतात, पण बफेलोग्रास आणि ब्लू ग्रामाला गरम माती लागते, तर मेअखेर ते जुलै एवढ्यात टाका आणि रुजेपर्यंत वरची माती ओली ठेवा, आणि त्या काळात जास्त दिवस पाणी द्यायला परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या.