जुन्या मोटारसायकलचं हाफ इंजिन: आधी मोजा, मग खोला

जुनी गाडी धूर सोडायला लागली की पहिला सल्ला येतो, "हाफ इंजिन करून टाक." म्हणजे क्रँककेसला (इंजिनच्या खालच्या पेटीला) हात न लावता त्याच्या वरचं हेड, वॉल्व्ह, सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा एवढंच खोलून दुरुस्त करायचं. काम घरी होण्यासारखं आहे. फक्त पाना हातात घेण्याआधी दोष कुठे आहे ते ठरवा, कारण एकदा हेड उतरलं की दम (कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब) कुठून गळत होता हे तपासायची सोय उरत नाही. इथे हवेने थंड होणारं, पुशरॉडचं (कॅमची हालचाल वर वॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचं), एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन गृहीत धरलं आहे.

खोलण्याआधी

निळा धूर कधी येतो ते बघा. एक्सलरेटर पिळला की वाढत असेल तर संशय रिंगा आणि बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भोकावर). उतारावर थ्रॉटल बंद ठेवून पुन्हा उघडल्यावर एकदम भपका येत असेल तर इनलेट वॉल्व्हचं गाइड (वॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) झिजलेलं असण्याची शक्यता जास्त. आणि ऑइलची टाकी वेगळी असलेल्या ड्राय संप गाडीने बरेच दिवस उभं राहिल्यावर पहिल्या किकला धुराचा लोट सोडला, तर इंजिन खोलू नका. टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये साचतं, तेच जळतं. ते काढून टाका आणि मग बघा. या एका गोष्टीपायी चांगली इंजिनं विनाकारण खोलली जातात.

आता दम मोजा. इंजिन गरम करा, टॅपेट फार घट्ट नाहीत ना, म्हणजे वॉल्व्हजवळची फट फार कमी नाही ना, ते बघा, प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावा आणि थ्रॉटल पूर्ण उघडून काटा वर सरकायचा थांबेपर्यंत किक मारा. थ्रॉटल बंद राहिला तर आकडा उगाच कमी येतो. जुन्या इंजिनांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी, अनेकांचं ६:१ च्या आसपास, त्यामुळे तुलना आजच्या गाडीशी नाही, त्या गाडीच्या मॅन्युअलशी करा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल ओतून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांतून आहे. होता तिथेच राहिला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

दाबाची हवा मिळत असेल तर आणखी सोपं. कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पिस्टन अगदी वर आणा, गिअर टाकून मागचा ब्रेक दाबून धरा आणि प्लगच्या भोकातून हवा सोडा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट, ब्रीदरमधून (क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आली तर रिंगा.

खोलताना

इंजिन पूर्ण थंड हवं. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला वर ठेवा, म्हणजे दोन्ही वॉल्व्ह बंद राहतात आणि रॉकरवर (वॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीवर) स्प्रिंगचा ताण नसतो. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. हेड चिकटलं असेल तर फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, गॅस्केटची जागा कायमची खराब होते. रबरी हातोडीने पोर्टजवळच्या जाड भागावर ठोका. दोन्ही पुशरॉडना इनलेट-एक्झॉस्ट अशा चिठ्ठ्या बांधा.

सिलिंडर जेमतेम उचलला की लगेच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. तुटलेल्या रिंगेचा तुकडा किंवा उडालेली सर्क्लिप (पिस्टन पिन जागेवर धरणारी कडी) आत पडली, तर हाफ इंजिनचं फुल इंजिन झालंच म्हणून समजा. पिस्टन पिन ठोकून काढू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. पिस्टन गरम करा, पिन हाताने सरकेल. मग रॉड सरळ वर-खाली ओढून बघा. बिग एंडला (रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) बाजूचा थोडा खेळ चालतो, पण वर-खाली हलत असेल तर क्रँककेस उघडावाच लागेल.

मोजमाप आणि बोअर

बोअर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजा. सर्वांत जास्त झीज वरची रिंग जिथून परत फिरते तिथे सापडते. नवी रिंग बोअरमध्ये पिस्टनने ढकलून सरळ बसवा आणि टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. ढोबळ हिशेब १०० मिमी बोअरला ०.३ ते ०.४ मिमी, म्हणजे ७० मिमीला ०.२१ ते ०.२८ मिमी. फट कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते किंवा इंजिन जाम होतं.

बोअर करायचा (भोक मोठं कापून घ्यायचं) ठरला तर ओव्हरसाइज, म्हणजे मापाने मोठा, पिस्टन आधी हातात घ्या आणि तोच मोजून बोअर करून घ्या. उलटा क्रम म्हणजे जुगार. होनिंगनंतर (बोअर दगडाने घासून घेतल्यावर) सिलिंडर पेट्रोलने पुसून भागत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा, कोरडा करा, मग ऑइल लावलेलं पांढरं फडकं फिरवा. फडकं करडं होतंय तोवर धुणं संपलेलं नाही. धुतलेल्या लोखंडावर लगेच गंज चढतो, तेव्हा ऑइल लावायला उशीर नको.

वॉल्व्ह

वॉल्व्ह गाइडमध्ये डुगडुगत असेल तर आधी गाइड बदला, नंतर सीट (वॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) घासा. हेड अॅल्युमिनियमचं असेल तर सगळीकडून सारखं गरम करूनच गाइड काढा.

घासताना सीटवर ग्राइंडिंग पेस्टचे चार ठिपके पुरेत. ती वॉल्व्हच्या दांड्यावर गेली तर गाइड खाईल. वॉल्व्हला चिकटवलेली रबरी टोकाची काठी तळव्यांत धरून मागे-पुढे फिरवा, मधून उचलून जागा बदला. सुरुवातीची खरखर हळूहळू मऊ होते, पेस्ट पुसली की सीटवर सलग, राखाडी, मंद पट्टा दिसतो. पट्टा कुठे तुटला असेल तर अजून घासा. खूप रुंद झाला किंवा खड्डे राहिले, तर सीट कापून घ्यावी लागेल. शेवटी स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि थोडा वेळ थांबा. वॉल्व्हच्या कडेला ओल आली नाही की झालं.

बांधताना

सर्क्लिप नव्याच, उघडं तोंड वर किंवा खाली, बाजूला नाही. पिस्टनवर बाण असेल तर मॅन्युअल सांगेल त्या बाजूला. तीन रिंगांची टोकं १२० अंशांवर, खुणेची बाजू वर. गॅस्केट तांब्याचं असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. तांबं त्याने मऊच होतं. नट टप्प्याटप्प्याने, समोरासमोर, टॉर्क पान्याने आवळा आणि मग टॅपेट लावा. पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा तपासा, नंतर टॅपेट. नट आवळले की टॅपेटची फट बदलते, म्हणून हाच क्रम.

सुरू झाल्यावर

पहिली काही मिनिटं धूर येणारच, बांधताना लावलेलं ऑइल जळतं. नंतरही थांबला नाही तर रिंग उलटी बसली आहे का ते बघा. नवी रिंग आयडलवर तासन्‌तास ठेवून बसत नाही, बोअर गुळगुळीत होतो. गाडी रस्त्यावर काढा, थ्रॉटल कमी-जास्त करत चालवा, पूर्ण पिळू नका. ऑइल लवकर बदला.

सांध्यांतून ऑइल पाझरत असेल तर गॅस्केटला दोष देण्याआधी ब्रीदर तुंबलाय का ते तपासा. इंजिन फार तापत असेल तर इग्निशन टायमिंग मागे आहे का (ठिणगी उशिरा पडते का) बघा, आणि आयडलवर कार्बोरेटरच्या फ्लँजच्या (इंजिनला जोडणाऱ्या सपाट तोंडाच्या) सांध्याला पातळ ऑइलचे थेंब लावा. आयडल बदलला तर तिथून हवा आत जाते आहे. बहुतेक वेळा फ्लँज जास्त आवळून वाकलेला असतो. काचेवर एमरी पेपर ठेवून तो सपाट करा.