पायटेस्ट आणि व्हीएस कोड : चाचण्या चालत नसतील तर या चुका टाळा

व्हीएस कोड या एडिटरमध्ये पायथन लिहिणाऱ्या आणि कोडच्या चाचण्या चालवणारे पायटेस्ट हे साधन वापरणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी हा अनुभव येतो, की टर्मिनलमध्ये सगळ्या चाचण्या सुरळीत चालतात, पण एडिटरमधले टेस्टिंगचे पॅनेल रिकामेच राहते. अशा वेळी पायटेस्ट काढून पुन्हा इन्स्टॉल करण्याची घाई करू नये. टर्मिनलमध्ये प्रकल्पाचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरते वेगळे ठेवलेले पायथन आणि त्याची पॅकेजेस) सुरू असते, तर एडिटरने संगणकावरचे दुसरेच पायथन निवडलेले असते आणि त्यात पायटेस्ट किंवा प्रकल्पाला लागणारे एखादे पॅकेज नसते, असे पुष्कळदा आढळते. म्हणून कमांड पॅलेटमधून 'सिलेक्ट इंटरप्रिटर' निवडून आधी एडिटरचा इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारे पायथन, प्रकल्पाच्या एन्व्हायर्नमेंटशी जुळवावा. तरीही पॅनेल भरले नाही, तर आउटपुट विभागातील पायथनचा लॉग शेवटपर्यंत वाचावा. एखाद्या फाइलमधील इम्पोर्ट फसले असेल तर ती फाइल आणि ती ओळ बहुधा तिथेच सापडते. हा लॉग न उघडता एकामागून एक सेटिंग्ज बदलत राहण्यात सर्वाधिक वेळ वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

'मॉड्यूल सापडत नाही' ही तक्रार मात्र इंटरप्रिटर बरोबर असूनही येऊ शकते. 'पायथन -एम पायटेस्ट' अशी आज्ञा दिली की चालू फोल्डर पायथनच्या शोधमार्गात (मॉड्यूल जिथे शोधली जातात त्या फोल्डरांच्या यादीत) जोडला जातो. नुसते 'पायटेस्ट' लिहिल्यास तो जोडला जात नाही. त्यामुळे एका पद्धतीने चालणारा प्रकल्प दुसऱ्या पद्धतीने अडतो. पायटेस्टच्या 7.0 आवृत्तीपासून या शोधमार्गात फोल्डर जोडणारा 'पायथनपाथ' हा पर्याय उपलब्ध आहे. तो प्रकल्पाच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एकदा लिहून ठेवणे हा यावरचा टिकाऊ उपाय आहे.

फसलेल्या चाचणीच्या लाल खुणेपेक्षा अधिक काळजी करावी ती मुळात न चाललेल्या चाचणीची. फाइलचे नाव 'टेस्ट_' ने सुरू होणारे किंवा '_टेस्ट' ने संपणारे नसेल, तर पायटेस्ट आपण होऊन ती फाइल उघडतच नाही. फंक्शनचे नावही 'टेस्ट' ने सुरू व्हावे लागते, आणि क्लासमध्ये 'इनिट' मेथड लिहिली असेल तर एक इशारा देऊन तो संपूर्ण क्लास वगळला जातो. याहून फसवा प्रकार कॉपी-पेस्टमधून उद्भवतो. रिकाम्या यादीसाठी लिहिलेली चाचणी उचलून तिच्या खाली डकवली, आतला मजकूर ऋण संख्यांसाठी बदलला, पण फंक्शनचे नाव बदलायचे राहिले, तर पायथन कोणतीही तक्रार न करता पहिल्या फंक्शनच्या जागी दुसरे ठेवते. रिकाम्या यादीची तपासणी त्या क्षणापासून बंद होते आणि पॅनेल हिरवेच दिसत राहते. नवी चाचणी लिहिल्यावर एकूण संख्या एकने वाढली का, हे दर वेळी पाहावे; रफसारखा लिंटरही (कोड न चालवता त्यातील चुका शोधणारे साधन) अशी पुनरुक्ती पकडून देतो. एकही चाचणी सापडली नाही तर पायटेस्टचा एक्झिट कोड (काम संपताना परत दिलेला आकडा; 0 म्हणजे सगळे ठीक) 0 नसून 5 असतो, तेव्हा स्वयंचलित स्क्रिप्टमध्ये हा कोड दडपून टाकू नये.

अट खरी आहे का हे तपासणाऱ्या 'असर्ट' नंतर अट आणि संदेश एकाच कंसात घालण्याची चूकही याच जातीची आहे : तो ट्यूपल, म्हणजे मूल्यांचा एक गट, ठरतो, आणि रिकामा नसलेला ट्यूपल नेहमीच सत्य मानला जात असल्याने ती तपासणी कधीच फसत नाही.

डीबग करताना ब्रेकपॉइंटवर, म्हणजे थांबण्यासाठी खूण केलेल्या ओळीवर, कोड थांबत नसेल, तर पायटेस्ट-कव्ह हे कव्हरेजचे (चाचण्यांत कोडच्या कोणत्या ओळी चालल्या ते मोजणारे) प्लगइन सुरू आहे का ते पाहावे. चालणाऱ्या प्रत्येक ओळीचा माग काढण्यासाठी डीबगर आणि कव्हरेज एकाच यंत्रणेवर अवलंबून असल्याने ती दोघांना एकाच वेळी वापरता येत नाही. सगळीकडचे कव्हरेज काढून टाकण्याची गरज नाही. डीबगच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'पायटेस्ट_अ‍ॅडऑप्ट्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला '--नो-कव्ह' हे मूल्य दिले की केवळ डीबग करताना ते बंद राहते.