छोट्या विमानात केबिन हीट बसवताना

आधी गार वारा अडवा, मग ऊब आणा. उड्डाणात केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. त्यामुळे शेपटाकडची थंड हवा फ्यूजलाजमधून, म्हणजे विमानाच्या धडातून, पुढे ओढली जाते आणि पाठीला झोंबते. सीटमागे कापडाचा पडदा घट्ट बसवा, दाराचं रबर बदला, पंखांच्या मुळाशी आणि कंट्रोल केबलच्या भोकांशी असलेल्या फटी बुजवा. निम्मं काम इथेच होतं.

ऊब मिळते ती एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या, पाइपभोवती बसवलेल्या पत्र्याच्या वेष्टनातून, म्हणजे हीट मफमधून. २५ ते ३० सेंटिमीटरचा सलग, सरळ पाइप निवडा. मफच्या आत सांधा, फ्लँज (पाइप जोडायची कडा) किंवा वेल्डिंग येऊ देऊ नका. गळती सुरू होते ती तिथेच. ०.५ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस पत्रा घ्या आणि पाइपभोवती १२ ते १५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. वेष्टन दोन अर्ध्या भागांत करा, म्हणजे तपासणीला उघडता येईल. हवा आत येण्याचं आणि बाहेर पडण्याचं तोंड ५० मिलिमीटरचं ठेवा, आणि दोन्ही विरुद्ध टोकांना, विरुद्ध बाजूंना काढा. हवेने पाइपला वळसा घालून जायला हवं. तरीही ऊब कमी पडली, तर स्टेनलेसची लांब स्प्रिंग ताणून पाइपभोवती गुंडाळा. हवा घुसळली जाते आणि जास्त उष्णता उचलते. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू नका, कारण तापल्यावर त्यातलं जस्त स्टेनलेसमध्ये शिरून त्याला ठिसूळ करतं. एक्झॉस्टच्या पाइपवर शिसपेन्सिलीने खुणाही करू नका. तिच्यातल्या कार्बनमुळे खूण केलेल्या जागी पुढे तडा जाऊ शकतो.

मफला हवा इंजिनच्या मागच्या बॅफलमधून (थंड हवा वळवणाऱ्या पत्र्यातून) किंवा काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) पुढच्या दाबाच्या भागातून द्या. मफपासून पुढे तारेचा आधार आणि सिलिकॉनचा लेप असलेली नारिंगी नळीच लावा. काळी निओप्रिनची नळी फक्त थंड बाजूला चालते. नळी एक्झॉस्टला टेकू देऊ नका आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या आगरोधक भिंतीवरचा, म्हणजे फायरवॉलवरचा, ऊब आत सोडणारा व्हॉल्व्ह स्टेनलेसचा हवा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे इंजिनला आग लागली की तिथे भोक पडलंच समजा. व्हॉल्व्हभोवतीची फट अग्निरोधक सीलंटने भरा. सगळ्यात जास्त चुका होतात त्या याच व्हॉल्व्हपाशी. ऊब बंद केल्यावर हवा अडता कामा नये, ती इंजिनच्या कप्प्यात सोडून दिली गेली पाहिजे. हवा अडली की मफमधला पाइप थंड होत नाही, गरजेपेक्षा जास्त तापतो आणि फाटतो. सोडलेल्या हवेचं तोंड कार्ब्युरेटर, इंधनाची नळी आणि बॅटरी यांपासून दूर वळवा. व्हॉल्व्हची केबल तुटली तर केबिनकडची वाट आपोआप बंद होईल अशी स्प्रिंग लावा.

आत एक फाटा पायांकडे आणि दुसरा विंडशील्डच्या तळाशी काढा. केबिनमधून हवा बाहेर जायलाही वाट लागते. ती नसेल तर मफ कितीही तापलेला असो, आत काही येत नाही.

आता कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे पाइप गळला की उबेबरोबर केबिनमध्ये येणारा एक्झॉस्टमधला विषारी वायू. याला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आकडा दाखवणारा इलेक्ट्रॉनिक मीटर घ्या. रंग बदलणारं कार्ड उशिरा बोलतं आणि त्याची मुदतही संपते. पहिली चाचणी जमिनीवर घ्या, मग चढताना, सरळ उडताना आणि उतरताना, प्रत्येक वेळी हीट चालू व बंद करून. अमेरिकी प्रमाणपत्र-नियमांत छोट्या विमानांसाठी मर्यादा २०,००० भागांत १ भाग, म्हणजे ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५०) धरली जात असे. पण हीट उघडल्यावर आकडा थोडाही चढला, तरी गळती शोधल्याशिवाय पुढचं उड्डाण नको. हवेत असताना डोकं दुखू लागलं किंवा गुंगी आली, तर हीट बंद करा, ताज्या हवेचे व्हेंट उघडा आणि लवकरात लवकर उतरा.

दर १०० तासांनी मफ उघडा. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू एक्झॉस्टच्या शेपटीला लावा आणि पाइपवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे आले तिथे तडा आहे. नुसत्या डोळ्यांना तो बहुधा दिसत नाही. कधीकधी आजूबाजूला फक्त फिकट राखाडी डाग असतो.

हे सगळं स्वतः बांधलेल्या विमानासाठी आहे. प्रमाणित विमानात मंजूर डिझाइन आणि परवानाधारक इंजिनिअरची सही असल्याशिवाय मफ तर सोडाच, व्हॉल्व्हही बदलता येत नाही.