मांजराच्या बुजऱ्या पिल्लांशी मैत्री करताना या चुका टाळा

‘इतके दिवस खायला घालतोय, अजून जवळ येत नाही.’ ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी एकच विचारते: खाताना हात लावलात का? उत्तर बहुतेक वेळा ‘एकदाच’ असं येतं. एकदाच पुरतं.

खाताना पिल्लाची मान खाली असते, पाठ उघडी असते. त्याला उचलून नेणारा शत्रू बऱ्याचदा वरून येतो, आणि तुमचा हातही वरूनच येतो. त्या क्षणापासून ताटली म्हणजे झडप, असं त्याच्या डोक्यात बसतं. मग तुम्ही कितीही चांगलं खायला ठेवा, ते तुम्ही जाईपर्यंत लांबूनच बघत बसणार.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी हे सगळं साग्रसंगीत करून दाखवलं होतं. जिन्याखाली मांजरीने तीन पिल्लं आणून ठेवलेली. त्यातलं करड्या रंगाचं, एक पाय पांढरा असलेलं पिल्लू त्यांच्यापासून दोन हातांवर येऊन खायला लागलं होतं. इतक्या लवकर एवढं जमलं हे खरं तर नशीबच. पण यांनी कुठल्याशा व्हिडिओत बघितलं, की टॉवेल टाकून पटकन उचलायचं आणि छातीशी धरायचं, म्हणजे पिल्लू शांत होतं. मी म्हटलं, ‘काका, थोडं थांबा.’ ते म्हणाले, ‘अगं, एकदा हातात आलं की आपोआप लळा लागतो.’ टॉवेल पडला, पिल्लू त्यातून अर्धं बाहेर आलं आणि काकांच्या अंगठ्याच्या मुळाशी दात रुतवून पळालं. रात्रीत आईने तिन्ही पिल्लं एकेक करून हलवली. पुढे ती मागच्या शेडच्या पत्र्यावर दिसायची. माणसाचं पाऊल वाजलं की तिन्ही डोकी पत्र्याआड गायब.

काकांनी अंगठा नळाखाली धरला, पट्टी लावली आणि विषय संपवला. डॉक्टरकडे जायला त्यांना तयार करण्यात माझी संध्याकाळ गेली. पिल्लाचे दात सुईसारखे असतात. जखम वरून लगेच मिटते आणि आत पू होतो. शिवाय रेबीजचा प्रश्न आहेच. चावलं किंवा बोचकारून रक्त आलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ‘एवढंसं तर पिल्लू’ हे कारण चालत नाही.

मग हात लावायचा कधी? मी पिल्लाचे मागचे पाय बघते. घाबरलेलं पिल्लू मान लांब करून खातं. पुढचे पाय ताटलीशी, मागचे मात्र दूर, उडी मारायला तयार, आणि एक कान सतत मागे वळलेला. सावकाश मागचे पाय पोटाखाली येतात, शेपूट अंगाभोवती गुंडाळली जाते आणि पिल्लू खरोखर बसून खायला लागतं. तोवर ताटली एक वीतसुद्धा जवळ सरकवायची नाही. त्यानंतर लांब दांड्याच्या चमच्यावर थोडं ओलं खाणं, मग तेच बोटावर. हात जमिनीवर पडू द्यायचा, पुढे करायचा नाही. पिल्लाने स्वतः गाल घासला, तरच एका बोटाने गालाला किंवा हनुवटीखाली खाजवायचं आणि त्याला आणखी हवंसं वाटतंय तेवढ्यात हात मागे घ्यायचा. मी असंच करते. यापेक्षा जलद पद्धत आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांची माणसाळलेली पिल्लं क्वचितच बघायला मिळतात.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे ‘शूऽऽ, हलू नका, पिल्लू आलंय!’ सगळं घर पुतळ्यासारखं उभं, एक जण उकिडवा बसून टक लावून बघतोय, दुसरा मोबाईल रोखून. दबा धरून, अंग न हलवता, नजर न काढता बसणं हे शिकार करणाऱ्याचं लक्षण. ते मांजराच्या पिल्लाला तुम्ही काय शिकवणार? ते स्वतः किड्यामागे तसंच बसतं.

उलट आपली कामं चालू ठेवायची. कपडे वाळत घाला, झाडांना पाणी घाला, पायरीवर बसून पेपर वाचा, फोनवर बहिणीशी गप्पा मारा. आवाज रोजचा, चाल रोजची. ‘या बाईला माझ्यात काही रस नाही’ अशी त्याची खात्री पटली की जवळ यायचं धाडस ते स्वतःच करतं. दाराची कडी, बादली, मुलांचा आरडाओरडा, हे सगळं त्याला लांबून ऐकू द्या. शांततेत माणसाळलेलं पिल्लू पहिल्या मिक्सरच्या आवाजाला कुंपणापार जातं. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून उघडायचे आणि मान वळवायची. हे नुसतं मांजरवेड्यांचं खूळ नाही. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रयोग करून दाखवलं, की माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरं तसंच उत्तर देतात आणि अनोळखी हाताकडेही जास्त येतात.

वाडगं काठोकाठ भरून निघून जाणाऱ्यांबद्दल काय बोलावं! बोके येतात, कावळे येतात, मुंग्या लागतात, आणि पिल्लाचा तुमच्याशी संबंध शून्य. ठरलेल्या वेळी, थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा घाला, खाणं संपेपर्यंत तिथेच असा आणि उरलेलं उचला. याचं दुसरं टोक म्हणजे उपाशी ठेवून जवळ आणणं. ते करू नका. भुकेलेलं पिल्लू अन्नाजवळ येतं, तुमच्याजवळ नाही.

दूध नको. बहुतेकांना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात. पाणी ठेवा.

मानगूट धरून उचलायचा हक्क आईचा.

हाताने खेळवू नका, काठीला बांधलेलं चिंधीचं टोक फिरवा आणि खेळ झाला की दोरी उचलून ठेवा, कारण गिळलेली दोरी आतड्यात अडकते. पिल्लू मलूल दिसलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, मांजराचा त्याने जीव जातो.

एकटी दिसली म्हणून पिल्लं उचलून आणणारेही कमी नाहीत. आई बहुधा शिकारीला गेलेली असते आणि काही तासांत परतते. लांबून नजर ठेवा. हे खरं, की माणसाची सवय दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात सगळ्यात पटकन लागते. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधक आयलीन कार्श यांच्या प्रयोगांत तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्लं, सातव्यापासून हाताळलेल्यांपेक्षा माणसाला जास्त चिकटून राहिली. पण म्हणून दूधपिती पिल्लं आईपासून तोडायची नसतात. आईचा विश्वास मिळवा, पिल्लं तिच्याकडे बघून शिकतात. आणि तीन-चार महिन्यांचं रानटी पिल्लू हाती लागलं असेल तर महिने जातील हे आधीच धरून चाला. काही पिल्लं कधीच मांडीवर येत नाहीत, पायरीवर शेजारी बसतात. त्यातही समाधान मानता येत नसेल तर दुसरा छंद शोधा.

‘काल पायाला अंग घासलं, आज फिस्कारलं.’ नवीन बोका फिरकलाय का, कुणी छत्री उघडली का, पाहुण्यांच्या मुलाने पाठलाग केला का, ते बघा. कारण सापडो न सापडो, ताटली आधीच्या अंतरावर न्यायची आणि तिथून पुन्हा सुरू करायचं. समजूत घालायला मागे मागे जाऊ नका.

एक दिवस पकडावं मात्र लागणारच, कारण मादी चार महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. नसबंदीची वेळ डॉक्टरांना विचारून आधीच ठरवा. त्यासाठी प्रवासी पिंजरा महिनाभर आधीपासून जेवणाच्या जागी उघडा ठेवा आणि ताटली रोज थोडी थोडी आत सरकवा. दार मात्र तारेने मागे बांधून ठेवा, वाऱ्याने आपटलं तर पिल्लू पुन्हा त्यात पाय ठेवणार नाही.